खरपुडीचे एकवीस वेल

आमच्या शाळेतल्या कार्यशाळेच्या सरांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते पोटावर झोपलेलं. मधल्या सुट्टीत, शाळेच्या मागच्या भिंतीजवळ, धुतलेला पांढरा सदरा घालून. मला वाटलं, चक्कर आली. मी ऑफिसातून पाण्याचा तांब्या घेऊन धावले. त्यांनी मान न वळवता विचारलं, "मॅडम, पाय कुठे ठेवताय?"

मी खाली पाहिलं. माझ्या चपलेपासून चार बोटांवर एक निळसर गांधीलमाशी स्वतःपेक्षा मोठा कोळी ओढत नेत होती. सर तिच्या मागे कॅमेरा घेऊन कोपरांवर सरकत होते. मी तांब्या ठेवला आणि परत जाऊन हजेरीपत्रकं तपासायला बसले. माणूस शुद्धीवर आहे एवढं कळलं की माझं काम संपतं.

"पाय कुठे ठेवताय?" हाच त्यांचा नमस्कार होता. मुख्याध्यापकांनाही तोच, तपासणीला आलेल्या साहेबांनाही तोच. व्हरांड्यातून चालताना ते समोर बघत नसत, फरशीच्या सांध्यांकडे बघत चालत. त्यामुळे लोकांना धडकत. धडकल्यावर माफी मागत, पण डोळे खालीच.

शिकवायचे ते लेथ आणि फिटिंग. हात विलक्षण. कॅमेऱ्याचं महागडं सामान त्यांनी कधी घेतलं नाही, बहुतेक सगळं स्वतः बनवलं. फ्लॅशचा उजेड मऊ पडावा म्हणून त्यावर श्रीखंडाचा पांढरा डबा कापून बसवलेला. तो हवा तसा दुधट मिळेपर्यंत घरात तीन कंपन्यांचं श्रीखंड झालं होतं. त्यांच्या बायकोनेच मला हे सांगितलं. "मधुमेह ह्यांना आहे, आणि डबे रिकामे मी करतेय." गुडघ्यांना स्कूटरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. डोक्याला टोपी नाही, कारण टोपीची सावली किड्यावर पडते.

एकदा स्नेहसंमेलनाचे फोटो काढायचं काम त्यांच्यावर टाकलं गेलं. शाळेत एवढा मोठा कॅमेरा दुसऱ्या कुणाकडे नव्हता म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवला. रंगमंचाच्या पडद्यावर बसलेल्या एका हिरव्या पतंगाचे ऐंशी-एक फोटो आणि प्रमुख पाहुण्यांच्या उजव्या कानाचा एक.

"सर, हा कान?"

"तो तिथे जाऊन बसला. मी काय करू?"

अहवालात कान छापता येईना. मग मुलांच्या पालकांकडून मोबाइलवरचे फोटो मी गोळा केले. मुख्याध्यापक चिडले होते, पण सरांना रागावणं अवघड होतं. रागावणाऱ्याच्या कॉलरवर काही बसलंय का, ते बघत राहायचे.

त्यांना गाडी चालवता येत नव्हती. शिकलेच नाहीत. "रस्त्याकडे बघावं लागतं," हे त्यांचं कारण. रविवारी फोटो काढायला आधी एस.टी.ने जायचे. पण एस.टी. पोहोचेपर्यंत ऊन वर येतं, आणि फुलपाखरू उन्हात अंग शेकून घेतल्यावर कुणाचं ऐकत नाही. त्याआधी ते पंख मिटून गवताच्या काडीवर थिजल्यासारखं बसलेलं असतं. तेव्हाच गाठायचं. माझ्याकडे गाडी होती, मुलगा शिकायला बाहेर होता, नवरा रविवारी उशिरापर्यंत झोपायचा. मी म्हटलं, येते. मला फुलपाखरांची आवड वगैरे काही नव्हती. मला पहाटेची गाडी चालवायला आवडते.

तर पाच पावसाळे, ऑगस्टपासून दसऱ्यापर्यंत, दर रविवारी पहाटे मी गंगापूर रोडवरून त्यांना घ्यायचे आणि आम्ही पेठच्या बाजूच्या एका पठारावर जायचो. ते स्वतः तिथे बारा वर्षं जात होते.

त्या दिवसांत पठार बघण्यासारखं असतं. खडकावर बोटभर माती, त्यात पाणी झिरपलेलं, आणि त्या एवढ्याशा मातीत तेरडा, सोनकी, कवळा, सीतेची आसवं. लांबून बघितलं की जांभळा, पिवळा असा पट्टा दिसतो. सर त्या पट्ट्याकडे चक्क पाठ करून झोपायचे. त्यांचं लक्ष दगडाच्या कपारीत. तिथे खरपुडीचे वेल होते. हे नाव मला नंतर कळलं. ते स्वतः त्याला लांबलचक लॅटिन नावाने हाक मारत. फूल कंदिलासारखं. खाली फुगीर, वर निमुळती नळी, आणि टोकाला पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेली जाळी. लांबी जेमतेम आपल्या करंगळीएवढी.

पहिल्या वर्षी त्यांनी मला ते फूल दाखवलं. दाखवलं म्हणजे एक बोट वर केलं. ते कधी 'बघा' म्हणत नसत.

"आत चिलटं जातात," त्यांनी कुजबुजत सांगितलं. "नळीत केस असतात, खालच्या दिशेला वळलेले. आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. दिवसभर आत राहतात. मग केस सुकतात आणि चिलटं परागकण घेऊन निघतात."

"म्हणजे कैदच."

"कैद नाही मॅडम. मुक्काम."

त्यांना ते बाहेर पडणारं चिलट हवं होतं. आत जाणाऱ्याचे फोटो त्यांच्याकडे होते. बाहेर पडणाऱ्याचा, सोंडेला पिवळे कण चिकटलेले स्पष्ट दिसतील असा, एकही नव्हता. तीन तास एका फुलासमोर पडून राहायचे. श्वास सोडला आणि पुढचा घेतला नाही, त्या मधल्या जागेत बटण दाबायचे. मी खडकावर बसून स्वेटर विणायचे किंवा पेपर वाचायचे. घरी जाताना सर दोनशे फोटोंतले एकशे नव्व्याण्णव गाडीतच पुसायचे. मिशी अस्पष्ट आली, पुस. पाय गवताआड गेला, पुस. गवताची ती काडी जरा बाजूला केली असती तर? मी एकदाच विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सिग्नल तोडायला सांगितला होता.

त्या कपारीत एकवीस वेल होते. दर वर्षी पहिल्या रविवारी ते मोजायचे. दोनदा. एकवीस आले की मगच डबा उघडायचे.

ती जागा त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. फोटो काढणाऱ्यांचे ग्रुप असतात, तिथे कुणी विचारलं, "सर, लोकेशन?" तर ते उत्तर पाठवायचे, "पृथ्वी." फोटोत मागे डोंगराची कड आली तर तो फोटो जगातला सगळ्यात चांगला असला तरी पुसायचे. असलं फूल कळलं की लोक येतात, तुडवतात, कुंडीत लावायला कंद उकरून नेतात आणि कुंडीत ते मरतं. हे त्यांनी दुसऱ्या एका पठारावर होताना पाहिलं होतं. त्यानंतर तिथे ते गेलेच नाहीत.

आणि तिथल्या गावकऱ्यांनाही त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. पठारावर बकऱ्या चारायला एक बाई यायची, माझ्याच वयाची, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात विळा. बारा वर्षांपूर्वी तिने विचारलं होतं, "काय बघता वं सर?" फुलाचं नाव सांगितलं तर हिची पोरं तोडतील, बकऱ्या इकडेच येतील, असं सरांच्या मनात आलं आणि त्यांनी ठोकून दिलं, "साप." त्या दिवसापासून ती बकऱ्या त्या कपारीपासून लांब ठेवायला लागली. सरांना वाटलं, युक्ती लागू पडली.

लागू पडली ती जास्तच. दर रविवारी ती लांबूनच हाक मारायची.

"सर, त्या पलीकडच्या दगडाखाली लय मोठी घोणस हाय! कालच कात टाकलीय!"

सर गंभीरपणे मान डोलवायचे आणि विरुद्ध दिशेला जायचे. त्यांना सापाची भयंकर भीती होती. गाडीत आल्यावर कपाळ पुसायचे. एकदा तिने पानात गुंडाळून खरंच कात आणून दिली. सरांनी ती दोन बोटांनी धरली, आभार मानले आणि घरापर्यंत खिडकीबाहेर हात ठेवून आले.

मी म्हणायचे, "सर, सांगून टाका की खरं."

"माहिती एकदा सुटली की परत बाटलीत जात नाही, मॅडम."

ते खरं होतं. ती माझ्या हातून सुटली.

पाचव्या वर्षीचा सप्टेंबर. सर फुलासमोर पोटावर, दोन्ही तळपाय आकाशाकडे, गुडघ्याला ट्यूबच्या पट्ट्या, पँटच्या मागच्या खिशावर एक नाकतोडा आरामात बसलेला. मला हसू आलं. मी मोबाइलवर फोटो काढला आणि घरी आल्यावर आमच्या कॉलनीच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमचे सर ड्युटीवर.' नाकतोडा दिसावा म्हणून टाकला. पण फोटोत फूलही होतं, मागे खाच पडलेला डोंगर होता, आणि त्याच्या पायथ्याला एस.टी.चा थांबा, पाटीसकट. पाच वर्षं मी त्यांना डोंगर दिसला म्हणून फोटो पुसताना बघत होते. माझ्या डोक्यात आलं नाही, की माझाही तो फोटोच आहे.

तो कुठून कुठे गेला ते मी शोधलं नाही. दोन रविवारांनी आम्ही पोहोचलो तर पायवाटेच्या तोंडाशी गाड्या. मी मोजायचं सोडून दिलं. पठारावर माणसं. वाईट नव्हती हो माणसं. मुलांना घेऊन आली होती, घरून ठेपले आणले होते, एक आजोबा नातवाला सोनकी दाखवत होते. पण पायाखाली काय आहे ते बघायची कुणाला सवय नव्हती. कपारीपाशी बसून एक जोडपं वेफर्स खात होतं, कारण बसायला ती जागा सोयीची होती. मुलीने केसात कंदील खोचला होता. शेजारी दोन ताजे खड्डे होते, चमच्याने किंवा चावीने उकरल्यासारखे.

सर खडकावर उभे राहिले आणि मोजले. मग परत मोजले.

"चार," ते म्हणाले.

मला लपवाछपवी जमत नाही. मी तिथेच सांगितलं. "सर, फोटो मी टाकला होता. तुमचा. मागे पाटी आली."

मला वाटलं, आता हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा ओरडेल. त्यांनी विचारलं, "चांगला आला होता?"

"काय?"

"फोटो. चांगला आला होता का?"

"हो."

"मग लोक येणारच," ते म्हणाले आणि खडकावर बसले. कॅमेरा त्यांनी पिशवीतून काढलाच नाही. मी पाच वर्षांत त्यांना तसं रिकाम्या हातांनी बसलेलं पाहिलं नव्हतं. सॉरी म्हणून वेल उभे राहणार नव्हते.

तेवढ्यात बकऱ्यावाली आली.

"सर, आज तुमचं काय खरं नाय. एवढा गोंधळ, सगळे साप पळाले आसतील."

सरांनी मान हलवली.

"असं तोंड करून बसू नका. संध्याकाळी येत्यात परत."

मग मी बोलले. सर बोलणार नव्हते हे मला दिसत होतं, आणि आता लपवण्यासारखं उरलं तरी काय होतं. "अहो बाई, सर साप बघत नाहीत. कधीच बघत नव्हते. हे बघतात." आणि सरांच्या पिशवीतून कॅमेरा काढून तिला पडद्यावरचं फूल दाखवलं.

तिने हात पदराला पुसून कॅमेरा धरला. फोटो बघितला. सरांकडे बघितलं. परत फोटो बघितला.

"ही? ही तर खरपुडी."

सरांनी कपाळ पुसलं.

"बारा वर्सं तुम्ही खरपुडी बघत होता? आन मी तुम्हाला घोणशी दाखवतीय?" ती इतकी मोठ्याने हसली की वेफर्सवालं जोडपं वळून बघायला लागलं. "आवो, मला वाटायचं, सर भित्रे दिसत्यात, साप दाखवला की पळत्यात, आन तरी दर रविवारी येत्यात. घरी म्हनायचे मी, नोकरीच तसली आसंल बिचाऱ्यांची!" मग तिचं लक्ष खड्ड्यांकडे गेलं आणि हसू थांबलं. "येवढं तोंड पाडून बसलात ते हिच्यासाठी?"

"सतरा गेल्या," सर म्हणाले.

"मग चला," ती म्हणाली आणि बकऱ्या वळवल्या.

पठाराच्या उताराला तिचं नागलीचं शेत होतं. शेताच्या वरच्या बांधावर करवंदीची जाळी, आणि त्या जाळीवर चढलेले खरपुडीचे वेल. फुलांसकट. सर गुडघ्यावर बसले. ट्यूबच्या पट्ट्या बांधायच्याही राहिल्या. त्यांनी मोजले. सव्वीस होते.

तिच्या सासूने लावलेले. पोरं रानात कंद उकरून खातात आणि एक दिवस संपवून टाकतील, म्हणून म्हातारीने थोडे घराजवळ आणले होते. मुलांनी विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असा नियम.

"तुम्ही सापाचे म्हनून सांगितलं नाय," ती म्हणाली. "नायतर पहिल्याच वर्सी दाखवलं आसतं."

हे ऐकताना सरांचं तोंड बघण्यासारखं होतं. बारा वर्षं ते एकवीस वेलांची राखण करत होते, आणि ज्या एका माणसाला खरं सांगायला हवं होतं, तिलाच त्यांनी चुकवलं होतं.

तिने विळ्याच्या टोकाने एका वेलाच्या बुडाशी माती उकरली. सर "अहो, नको" म्हणेपर्यंत छोटा बटाट्यासारखा कंद बाहेर आला होता. तिने कोंब फुटतो तो डोळ्याकडचा तुकडा कापला, तिथेच परत पुरला, माती दाबली. उरलेला सोलून दोन फोडी केल्या, एक सरांना, एक मला.

"खा. इख नाय त्यात."

गवताची काडी न हलवणारा माणूस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझी फोड तोंडात टाकली. पाणीदार, किंचित गोड, कच्च्या शेंगदाण्याच्या जवळची चव. मग त्यांनीही खाल्ली. बराच वेळ चावत होते.

"हा तुकडा परत केव्हा पुरायचा असतो?" त्यांनी विचारलं.

"तवाच. हात मातीत आसतो तवाच. नंतर लावू म्हनलं की ऱ्हातं."

वरच्या कपारीत परत लावता येतील का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, येतील, पण आता नाही. वेल वाळले की कंद हलवायचे, म्हणजे दिवाळीनंतर. सर लगेच म्हणाले, तेव्हा मी येतो, कुठल्या फटीत कुठला कंद ते मी दाखवतो, माझ्याकडे नकाशा आहे. खरंच होता. एकेका वेलाचा.

"तुम्ही कशाला येवढ्या लांब? मी लावीन की."

"नाही, मला यावंच लागेल. अंतरं मोजावी लागतात."

"आमच्यावर भरोसा नाय व्हय?" तिने विचारलं. हसतच विचारलं, पण विचारलं. सर पिशवी उचलायला वाकले. आम्ही निघालो.

घाट उतरून चहाला थांबलो. सरांनी कप हातात धरला होता, पण पीत नव्हते.

"मॅडम, तिचं नाव काय?"

"कुणाचं?"

"त्या बाईंचं."

मला माहीत नव्हतं. पाच वर्षांत मीही विचारलं नव्हतं.

"त्या मला सर म्हणतात," ते म्हणाले. "मी त्यांना काय म्हणतो?"

मी आठवून बघितलं. ते तिला काहीच म्हणत नव्हते. किड्याला लॅटिन नाव असायचं, तिच्याकडे बघून नुसती मान डोलवायचे. मी चहा तसाच ठेवला, गाडी वळवली आणि घाट परत चढले. सर नको म्हणाले नाहीत.

ती बांधावर गवत कापत होती. आमची गाडी बघून विळा खाली ठेवला. "काय ऱ्हायलं?"

"नाव," सर म्हणाले.

"सांगितलं ना. खरपुडी."

"तुमचं."

तिने माझ्याकडे पाहिलं, थट्टा चाललीय का ते बघायला. मग डोक्यावरची खोळ काढली आणि पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट. सरांनीही आपलं पूर्ण नाव सांगितलं. मग ती माझ्याकडे वळली, तेव्हा मीही सांगितलं. हजेरी घेतल्यासारखे आम्ही तिघं चिखलात उभे.

"तुम्हीच लावा," सर तिला म्हणाले. "मी मध्ये बघायला येणार नाही."

"नकाशा?"

"राहू दे."

पुढच्या सप्टेंबरात पायवाटेशी गाडी थांबवली तर ती वाटच बघत होती. गाड्यांची गर्दी ओसरली होती. लोकांना दर वर्षी नवं काहीतरी लागतं. सरांच्या बाजूचं दार मी उघडायच्या आत तिने ते उघडलं.

"अठरा आल्यात," ती म्हणाली. "तीन कुजल्या. पानी साचलं."

"अठरा," सर म्हणाले. पट्ट्या बांधल्या, चढले, पहिल्या फुलासमोर पोटावर पडले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. मोजले नाहीत.

मी मोजले. अठराच होते.